मोटार हाकण्याची विद्या व तिचे मोल

मोटार हाकावयास शिकण्याची फी किती पडते, आणि शिकविणारा कोण निवडावा, हे दोन प्रश्न आज शहरातील बहुतेक सुशिक्षित घरांत केव्हा ना केव्हा निघतात. मुलास अठरावे वर्ष लागून संपले, सुनेस दूरच्या वस्तीत नोकरी लागली, अथवा निवृत्तीच्या पैशातून एखादी लहानशी गाडी दारात आली, की हे प्रश्न निघालेच. त्यांचा निकाल बहुधा शेजाऱ्यास विचारून किंवा सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्या पाटीकडे पाहून लागतो. परंतु, श्रोतेहो, या साध्या व्यवहारालाही शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसून येते. या विद्येची किंमत कोणत्याही काळी कोणासही माफ झालेली नाही. शिकणाऱ्याने ती दिली नाही तेव्हा त्याच्या धन्याने दिली, कधी सरकारने दिली. आणि कोणीच दिली नाही तेव्हा ती रस्त्याने चाललेल्या तिऱ्हाइताकडून वसूल झाली.

या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण मोटारीच्या अगदी बाल्यावस्थेतच सापडते. १८९६ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १७ तारखेस लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धक्क्याने मृत्यू आलेली ती ब्रिटनमधील पहिली पादचारी होय. गाडी हाकणाऱ्या आर्थर एड्सॉल याचा अनुभव अवघा तीन आठवड्यांचा होता. रस्त्याच्या कोणत्या बाजूने गाडी न्यावी हेही त्यास कोणी शिकविलेले नव्हते, आणि त्या वेळी परवान्याची अट नसल्यामुळे तसे विचारण्याचा कोणास अधिकारही नव्हता. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, असा प्रसंग पुन्हा न येवो, अशी इच्छा प्रकट केली. ती सफल झाली नाही हे आपण सर्व जाणतोच.

सरकारांना जाग आली ती हळूहळू. जर्मनीत कार्ल बेंझ यास आपली स्वतःचीच गाडी रस्त्यावर आणण्यासाठी १८८८ साली लेखी परवानगी घ्यावी लागली होती. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली गाडी हाकणाऱ्यास योग्यतेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. इंग्लंडने १९०३ साली कायदा करून परवाना लावला. पण त्याची रीत मोठी गमतीची होती. पाच शिलिंग भरावे आणि परवाना घ्यावा. परीक्षा नाही, पाहणी नाही! परीक्षा सक्तीची व्हावयास १९३५ साल उजाडावे लागले, आणि तिची फी साडेसात शिलिंग ठरली. मधल्या तीस वर्षांत ज्यास शिकावयाचे होते तो आपल्या खुशीने शिकला. अशा लोकांसाठी शाळाही निघाल्या. जर्मनीतील आशाफेनबुर्ग येथे १९०४ साली आणि लंडनच्या पेकहॅम राय भागात १९१० साली निघालेल्या शाळा या पहिल्यांपैकी होत. लंडनची ती संस्था पुढे ब्रिटिश स्कूल ऑफ मोटरिंग या नावाने विख्यात झाली.

आपल्याकडे मोटार आली ती धनिकांच्या दारी. भारतीयांपैकी मोटार घेणारे पहिले गृहस्थ जमशेटजी टाटा होत, व त्यांनी ती १९०१ साली घेतली, असे मानले जाते. ज्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी आमच्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेच हे जमशेटजी. त्या काळी श्रीमंताच्या घरी घोडागाडी असे व ती हाकावयास कोचमन असे. मोटार घेणाऱ्या घरास आता नव्या प्रकारचा कोचमन पाहिजे होता, आणि त्याचे नावही विलायतेहून आले: शोफर. हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा, आग घालणारा असा आहे. वाफेवर चालणाऱ्या गाड्यांच्या दिवसांत तो रूढ झाला. नावावरूनच कळते की, गाडी हाकणे हे या मनुष्याचे निम्मेच काम होते. यंत्राची सेवा करणे हे उरलेले निम्मे. हिंदुस्थान सरकारने १९१४ साली सर्व देशासाठी मोटारीचा पहिला कायदा केला. अठरा वर्षांखालील व्यक्तीने सार्वजनिक जागी मोटार हाकू नये असे ठरले, व परवाना आणि त्याची फी यांविषयी नियम करण्याचे काम प्रांतिक सरकारांकडे राहिले. तथापि शिकवावे कोणी व किती, याविषयी कायदा मूकच होता.

त्या वेळी शिकावयाचे तरी काय होते? आजच्या मनुष्यास कल्पना येणार नाही. गाडी सुरू करण्यासाठी पुढल्या बाजूस लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. ठिणगीची वेळ मागे घेण्यास विसर पडला, तर एंजिन उलट झटका देई व मनगटाचे हाड मोडे. विजेचा स्टार्टर अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत १९१२ साली आला, आणि इकडील सामान्य गाड्यांत रुळण्यास त्यास आणखी काळ लागला. दुसरी अडचण अशी की, सर्व गाड्यांची घडण एक नव्हती. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध 'टी' गाडीत पायाशी तीन पट्ट्या होत्या. डाव्या पट्टीने गिअर पडे, मधल्या पट्टीने गाडी मागे जाई, आणि उजवी ब्रेकची. एंजिनास इंधन कमीजास्त सोडण्याची दांडी मात्र हाताशी, सुकाणूच्या चाकाखाली. या गाडीवर हात बसलेला मनुष्य दुसऱ्या गाडीत बसला, की इंधन सोडण्यासाठी उजवा पाय दाबावयाचा हे त्यास नव्याने शिकावे लागे. इतर गाड्यांत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबून एंजिनाचा व चाकांचा वेग कानाने जुळवावा लागे. जुळला नाही तर दातांचा कर्कश आवाज साऱ्या गल्लीस ऐकू जाई. ही कसरत कमी करणारी युक्ती १९२८ पासून गाड्यांत येऊ लागली. तात्पर्य, पहिल्या पिढीची सारी शिकवणी यंत्राभोवती फिरत होती. रस्ता त्या मानाने मोकळा होता. बैलगाडी, टांगा व पायी चालणारा यांना चुकविले म्हणजे झाले, अशी समजूत होती.

शोफरावर विसंबणे ज्यांना रुचत नसे असे हौशी तरुणही निपजू लागले. आमच्या विदर्भातील सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण बाबा आमटे यांचे. १९१४ साली हिंगणघाट येथे जहागीरदार घराण्यात जन्मलेल्या बाबांना, गाडी हाकण्याचे वय होताच सिंगर जातीची शर्यती ढंगाची मोटार मिळाली, व तिच्या गाद्यांवर बिबट्याचे कातडे मढविलेले होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. पुढे त्याच पुरुषाने सर्व ऐश्वर्य टाकून कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली, हे वेगळे सांगावयास नको. येथे मुद्दा एवढाच की, १९३० च्या आसपास मोटार हाकणे ही एकीकडे जहागीरदाराच्या मुलाची हौस होती, आणि दुसरीकडे गरिबाच्या मुलाची उमेदवारी होती. दोघांची फी अगदी निराळी.

ही उमेदवारी म्हणजे क्लीनरकी. गावोगाव सर्व्हिस मोटारी धावू लागल्या, कापसाच्या गाठी मालमोटारींतून स्टेशनावर येऊ लागल्या, आणि प्रत्येक गाडीबरोबर ड्रायव्हरच्या हाताखाली एक पोरगा दिसू लागला. ड्रायव्हर हा त्याचा उस्ताद. गाडी धुणे, पाणी-तेल पाहणे, चढणीवर गाडी थांबली तर उतरून चाकामागे दगड लावणे, रात्री गाडीतच निजून राखण करणे, उस्तादाचा डबा आणणे, हा त्याचा अभ्यासक्रम. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मोजून मिळू लागले तेव्हा पुष्कळ सर्व्हिस मोटारी कोळशाच्या धुरावर चालविल्या गेल्या. भट्टीत कोळसा घालून ती फुलविण्याचे काम अर्थातच क्लीनरच्या वाट्यास आले, आणि शोफर या शब्दाचा मूळ अर्थ अशा रीतीने आमच्या रस्त्यांवर खरा झाला.

या शिक्षणास रोख फी नव्हती. पण ते फुकट होते असे जो म्हणेल त्याने हिशेब केलेला नाही. पोराच्या आयुष्यातील चार-पाच वर्षे हीच फी. सुकाणू हाती कधी द्यावयाचे हे उस्तादाच्या मर्जीवर, आणि ते बहुधा रात्री, निर्जन रस्त्यावर, उस्तादास डुलकी आली म्हणजे. शाळामास्तर म्हणून माझी सारी नोकरी झाली. सातवी-आठवीत शाळा सोडून मालमोटारीवर गेलेली मुले माझ्याही वर्गात होती. त्यांतील एक विद्यार्थी अनेक वर्षांनी भेटला, तेव्हा स्वतः ड्रायव्हर झालेला होता. मी त्यास विचारले, "बाबा रे, तुला शिकविले कोणी?" तो म्हणाला, "गुरुजी, शिकविले कोणीच नाही. पाहून पाहून आले." चूक झाली की पाठीत गुद्दा बसे, पण ती चूक का झाली हे कोणी सांगत नसे, असेही तो म्हणाला. गाडीवर त्याचा हात उत्तम बसला होता. रस्त्यावरील कित्येक पाट्यांचा अर्थ मात्र त्यास परवान्याच्या वेळी प्रथम कळला. उस्तादाच्या परंपरेचे बळ व तिचा दोष दोन्ही या उत्तरात आले. तिने आपल्या देशास हजारो कसलेले हात दिले. परंतु उस्तादाची खोड शिष्यास लागली, शिष्याची त्याच्या शिष्यास, आणि ती सुधारणारा कोणी भेटला नाही.

महायुद्धाने एक नवी गोष्ट घडविली. १९३९ साली सुमारे दोन लाख असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेली. खेड्यातून भरती झालेल्या व मोटार दुरूनच पाहिलेल्या हजारो तरुणांस सरकारने स्वतःच्या खर्चाने, ठराविक पाठक्रमाने, ठराविक मुदतीत गाडी हाकावयास शिकविले. मोटार हाकणे ही वर्गात बसवून शिकविण्याजोगी विद्या आहे, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर येथे प्रथमच सिद्ध झाले. युद्ध संपल्यावर यांतील पुष्कळ जण घरी परतले. नेमके त्याच सुमारास प्रवासी वाहतूक सरकारी संस्थांकडे येत होती. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. आमच्या मध्यप्रांतात नागपूरकडे प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस ही संस्था होती.

१ जुलै १९३९ पासून मोटारीचा दुसरा, अधिक विस्तृत कायदा अमलात आला होता. भाडोत्री वाहन हाकणाऱ्यास वीस वर्षांची अट आली व परवान्याच्या परीक्षेत काय पाहावे याचे परिशिष्ट कायद्यासच जोडले गेले. या कायद्यातील विम्याचे प्रकरण मात्र १ जुलै १९४६ पासून लागू झाले. रस्त्यावरील तिऱ्हाइतास होणाऱ्या इजेबद्दल प्रत्येक मालकाने विमा उतरलाच पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. न शिकलेल्या हातांची किंमत तिऱ्हाईत देतो, ही गोष्ट आपल्याकडे कायद्याने त्या दिवशी मान्य केली, असे मी समजतो.

यानंतर पुष्कळ वर्षे मध्यमवर्गाच्या दारात सायकल होती, पुढे स्कूटर आली, मोटार नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची लहान गाडी बाजारात आली आणि चित्र पालटले. शोफर ठेवण्याची ऐपत नसलेल्या, पण गाडी घेऊ शकणाऱ्या कुटुंबांचा एक मोठा वर्ग उत्पन्न झाला, आणि घरातील स्त्रियांनीही सुकाणू हाती घेतले. त्यांना ना उस्तादाची वर्षे देता येत होती, ना फौजेचा खर्च कोणी करणार होता. गल्लोगल्ली मोटार-शाळांच्या पाट्या लागल्या त्या या गरजेतून.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात अशा शाळांना परवाना देण्याविषयी स्वतंत्र कलम आहे, आणि त्याखालील १९८९ चे नियम प्रत्येक घराने एकदा तरी वाचावेत असे आहेत. शिकविणारा निदान दहावी उत्तीर्ण, म्हणजे माझ्याइतका तरी शिकलेला असावा. त्यास गाडी हाकण्याचा पाच वर्षांचा अनुभव असावा व यंत्रज्ञानाचे प्रमाणपत्र असावे. शाळेच्या मोटारीत दुहेरी नियंत्रण, म्हणजे शिकविणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असावा. खासगी मोटार शिकणाऱ्यासाठी मुदत निदान एकवीस दिवस व प्रत्यक्ष गाडी हाकणे निदान दहा तास. मालवाहू व प्रवासी वाहनांसाठी तीस दिवस व पंधरा तास. खासगी गाडीच्या पाठक्रमात वाहतुकीच्या नियमांबरोबर प्रथमोपचार व इतरांशी वागण्याची रीत हेही विषय घातले आहेत. यंत्राची दुरुस्ती त्यात सक्तीची नाही. पहिल्या पिढीचे शिक्षण सारे यंत्राचे होते. आताच्या शिक्षणात भर आहे तो माणसांवर. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. तेथे हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांच्या आत एकोणतीस तास, पैकी आठ वर्गात व एकवीस प्रत्यक्ष, असा क्रम ठरला आहे.

आता फीचा हिशेब करू. दहा तास एकवीस दिवसांत वाटले तर दररोज सुमारे अर्धा तास पडतो, आणि हा अर्धा तास स्वतः हाकण्याचा आहे. पुष्कळ ठिकाणी एका फेरीत तीन विद्यार्थी बसवितात, एक हाकतो व दोघे मागे बसून पाहतात, आणि तिघांच्याही नावे पूर्ण फेरी लागते. समजा, एका शाळेने पाच हजार रुपये सांगितले व तेथे खरोखर दहा तास सुकाणू हाती मिळाले. तर तासास पाचशे रुपये पडले. दुसरीने साडेतीन हजारच सांगितले, पण हाती पाचच तास आले; तर तासास सातशे पडले. स्वस्त वाटणारी शाळा महाग ठरली ती अशी. म्हणून "फी किती?" या प्रश्नाला "हाती किती तास?" हा प्रश्न नेहमी जोडावा. सरकारी फी यातून निराळी काढून विचारावी. डिसेंबर २०१६ च्या दुरुस्तीने शिकाऊ परवान्यास दीडशे रुपये, त्याच्या चाचणीस पन्नास व गाडी हाकण्याच्या परीक्षेस तीनशे अशी ती ठरली. या आकड्यांशी ताडून पाहिले, म्हणजे शाळेच्या एकूण रकमेत शिकवणीचे किती व मध्यस्थीचे किती, हे आपोआप उघडे पडते.

शिकविणारा निवडताना प्रथम शाळेचा परवाना पाहावा. तो दर्शनी भागी लावण्याचे बंधन आहे. मोटारीत डोकावून शिकविणाऱ्याच्या पायाशी ब्रेक आहे की नाही ते पाहावे. प्रत्येक विद्यार्थ्याने किती वेळ गाडी हाकली याची नोंद शाळेने ठेवावयाची असते; ती दाखवा म्हणावे. मग एक दिवस मागच्या आसनावर बसून त्याचे शिकविणे ऐकावे. चूक झाली की जो नुसता ओरडतो, तो उस्ताद असेल, शिक्षक नव्हे. गाडी बंद पडली असता जो शांतपणे कारण सांगतो व तीच क्रिया पुन्हा करवितो, त्यास दोन रुपये अधिक देण्यास हरकत नाही. तो स्वतः पट्टा बांधतो काय, हेही पाहावे. विद्यार्थी शब्दांपेक्षा वागणूक लवकर उचलतो, हा माझा साऱ्या नोकरीचा अनुभव आहे. आणि जो पहिल्याच भेटीत "परीक्षेची चिंता करू नका, परवाना घरी येईल" असे म्हणतो, त्याच्या दारातून तसेच परत फिरावे. ज्यास परीक्षेचे भय नाही, त्यास शिकविण्याची गरजही वाटत नाही.

शिकविणारा आपणास कोठे नेतो, हेही महत्त्वाचे. आमचे नागपूर देशाच्या दोन थोर हमरस्त्यांच्या, आजच्या ४४ व ५३ क्रमांकांच्या राष्ट्रीय महामार्गांच्या, छेदावर वसले आहे. अवजड मालमोटारींशी येथील वाहनचालकाची गाठ पडतेच. पहाटेच्या मोकळ्या मैदानावर एकवीस दिवस गोल फिरविलेला विद्यार्थी सायंकाळी सीताबर्डीच्या गर्दीत किंवा पावसाळी रात्री वर्धा मार्गावर काय करील? त्याचा पहिला पाठ मैदानावर असावा, पण शेवटला पाठ जेथे त्यास उद्या खरोखर जावयाचे आहे त्या रस्त्यावर असावा.

कोणी म्हणेल, घरात मामा आहे, वडील आहेत. त्यांनीच शिकविले तर फी वाचेल. कायद्याची यास आडकाठी नाही. शिकाऊ परवाना असावा, गाडीस पुढेमागे लाल 'एल' अक्षर असावे, आणि शेजारी परवानाधारक मनुष्य गाडी थांबविता येईल अशा रीतीने बसावा, एवढी अट आहे. परंतु घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो, आणि मामाच्या जुन्या खोडी त्यास स्वतःस दिसत नाहीत. घरचा मनुष्य सरावास उत्तम. पहिले दहा तास मात्र दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याजवळच काढावेत. शिकाऊ परवान्यानंतर निदान तीस दिवस गेल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. हा महिना नियमाची अडवणूक नसून सरावाची सवलत आहे, असे समजावे.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, अशी सरकारी नोंद आहे. या सर्वांस अपुरे शिक्षणच कारण झाले असे कोणी म्हणणार नाही. रस्ते, वेग, मद्य, थकवा ही कारणे आहेतच. तरीही यांतील पुष्कळांनी दुसऱ्या कोणाच्या तरी शिकवणीची राहिलेली फी चुकती केली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी शाळेत नाव घालावयास निघेल तेव्हा पाचशे-हजारांचा फरक पाहताना ही बाकी कोणाच्या नावे निघते, एवढे आठवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.